रेस्टॉरंटमधल्या पदार्थांचे फोटो पुन्हा पुन्हा बिघडतात? नवी लेन्स घेण्याआधी अंतर मोजा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचे फोटो सपाट वाटत होते म्हणून ५० मिमी एफ/१.८ घेतली. आता मागचं सगळं छान धूसर होतं, पण पदार्थाचाही जेमतेम एक घास फोकसमध्ये उरतो. खुर्चीत बसून अख्खी प्लेट फ्रेममध्ये मावत नाही, आणि जरा जवळ गेलं की कॅमेरा फोकस पकडत नाही. मग कुणीतरी ८५ मिमी घ्यायला सांगतं. ती घेतल्यावर तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं.

लेन्स बदलत जातात, प्रश्न तिथेच राहतो. कारण खरेदी दर वेळी एफ/ पुढच्या आकड्याकडे बघून होते. (तो लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं ते सांगतो: आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) टेबलावरच्या पदार्थाचे फोटो ठरवणारी गोष्ट वेगळीच आहे: सेन्सरपासून (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागापासून) प्लेटपर्यंत तुम्हाला किती जागा मिळते, आणि तेवढ्या जागेतून लेन्स फोकस करू शकते का. खाली एकेक दोष घेऊन त्याचं मूळ आणि उपाय दिला आहे. त्यातल्या निम्म्या दोषांवर नवी लेन्स हा उपाय नाही, तेव्हा आधी तेच तपासून घ्या.

दोष लेन्सचाच आहे का?

दिवसा खिडकीजवळच्या टेबलावर छापील मजकुराचं पान आडवं ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून ४५ अंशांत पानाकडे वळवा. एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. एकच फोकस बिंदू निवडून पानाच्या मधल्या ओळीवर फोकस करा आणि फोटो १०० टक्के मोठा करून बघा.

मधली ओळ धारदार आली तर लेन्स ठीक आहे. रेस्टॉरंटमधला धूसरपणा हात हलल्यामुळे, फोकस चुकल्यामुळे किंवा कमी प्रकाशामुळे आलेला आहे. मधल्या ओळीऐवजी तिच्या पुढची किंवा मागची ओळ धारदार आली आणि तुमचा कॅमेरा आरशाचा डीएसएलआर असेल, तर हीच चाचणी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये नेमकी ओळ पकडली जात असेल तर चूक कॅमेऱ्याच्या स्वतंत्र फोकस सेन्सरच्या जुळणीत आहे. ज्या कॅमेऱ्यांच्या मेनूत एएफ (ऑटोफोकस) सूक्ष्म जुळणी असते त्यांत ती दुरुस्त करता येते. नसेल तर टेबलावरचे फोटो सरळ लाइव्ह व्ह्यूमध्येच काढा. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच होत असल्यामुळे ही भानगड सहसा नसते.

कुठलाच भाग धारदार नाही? मग पुढची काच बघा. स्वयंपाकघराजवळ वापरलेल्या लेन्सवर तेलकट वाफेचा पातळ थर बसतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण काच तिरकी धरून दिव्याकडे पाहिलं की इंद्रधनुषी चकाकी दिसते. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्ससाठीचं द्रावण मायक्रोफायबर कापडावर घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. द्रावण थेट काचेवर ओतू नका, ते कडेने आत उतरतं.

अख्खी प्लेट फ्रेममध्ये मावत नाही

इथे थोडं गणित करायचं आहे, आणि ते एकदा केलं की पुढचे बरेच पैसे वाचतात.

फ्रेममध्ये हवी असलेली रुंदी भागिले सेन्सरची रुंदी, म्हणजे चित्र किती पट लहान व्हायचं आहे ते कळतं. त्या आकड्यात २ मिळवा आणि फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने गुणा. सेन्सरपासून प्लेटपर्यंतचं अंतर जवळपास तेवढं येतं. (बऱ्याच आधुनिक लेन्स आतली भिंगं सरकवून फोकस करतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही सेंटिमीटरचा फरक पडतो.)

२८ सेमीची प्लेट आणि भोवती थोडी मोकळी जागा धरून फ्रेमची रुंदी ३६ सेमी घेऊ. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, म्हणजे १० पट. ५० मिमी लेन्सला ५० × १२, म्हणजे ६० सेमी लागतात. ३५ मिमीला ४२ सेमी, ८५ मिमीला एक मीटरच्या थोडं वर, १०० मिमीला १.२ मीटर.

क्रॉप सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, साधारण २३.५ मिमी रुंद, म्हणजे १५.३ पट. तिथे ३५ मिमीला ६१ सेमी, ५० मिमीला ८७ सेमी आणि ८५ मिमीला जवळजवळ दीड मीटर लागतो.

आता खुर्चीत ताठ बसून कॅमेरा डोळ्याला लावला तर आपल्या समोरच्या प्लेटपर्यंत अंतर भरतं ५० ते ६० सेमी. म्हणजे फुल फ्रेमवर ५० मिमी बसल्या जागेवरून जेमतेम जमते, क्रॉपवर जमत नाही. सगळ्यांनी शिफारस केलेली ‘पन्नास’ आणल्यावर क्रॉप कॅमेरावाल्यांची निराशा होते ती इथे. शिफारस करणारा फुल फ्रेमबद्दल बोलत असतो आणि ऐकणाऱ्याच्या हातात क्रॉप असतो. क्रॉपवर त्याच कामासाठी ३५ मिमी लागते.

फोकल लेंग्थ ठरत नसेल तर सध्याच्या झूमवरच प्रयोग करा. १८–५५ झूमची रिंग ३५ वर नेऊन चिकटपट्टीने बांधा आणि एका बैठकीचे सगळे फोटो त्यावरच काढा. पुढच्या खेपेला ५० वर. कुठे खुर्ची मागे सरकवावी लागली आणि कुठे जास्त पुढे वाकावं लागलं, हे लगेच लक्षात येतं. जुन्या फोटोंच्या एक्झिफ माहितीतही फोकल लेंग्थ नोंदलेली असते. तुमचे आवडते पदार्थांचे फोटो कुठल्या आकड्याभोवती जमलेत ते पाहिलंत तर निम्मा निर्णय झालाच.

जवळ गेलं की फोकस होत नाही

प्रत्येक लेन्सला किमान फोकस अंतर असतं. त्याहून जवळ गेलात तर मोटर पुढेमागे घुर्र करत राहते आणि शटर दाबलं जात नाही. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या भागावर वर्तुळाला छेदणारी एक आडवी रेघ कोरलेली असते, सेन्सरची पातळी तीच. लेन्सच्या पुढे प्रत्यक्षात उरणारी जागा त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा करून मिळते. १०० मिमी मॅक्रोचं (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीच्या लेन्सचं) किमान अंतर ३० सेमी लिहिलेलं असलं तरी काचेपुढे १३–१४ सेमीच उरतात, आणि तिथे लेन्सची सावली पदार्थावर पडू लागते.

पण अंतरापेक्षाही उपयोगी आकडा म्हणजे कमाल मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट उमटते ते. सेन्सरच्या रुंदीला त्याने भागलं की त्या लेन्सने जास्तीत जास्त किती लहान भाग फ्रेमभर घेता येईल ते कळतं. सोनीच्या एफई ५० मिमी एफ/१.८चं किमान अंतर ४५ सेमी आणि मॅग्निफिकेशन ०.१४ आहे, म्हणजे फुल फ्रेमवर सुमारे २६ सेमीपेक्षा लहान भाग फ्रेमभर येणार नाही. निकॉनच्या झेड ५० मिमी एफ/१.८ एसचं ४० सेमी आणि ०.१५. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएमचं ३५ सेमी आणि ०.२१. कॅननच्याच आरएफ ५० मिमी एफ/१.८चं ३० सेमी आणि ०.२५, म्हणजे साडेचौदा सेमीपर्यंत जाता येतं. नाव आणि अ‍ॅपर्चर सारखंच, पण टेबलावर या चार लेन्स चार वेगळ्या तऱ्हेने वागतात.

८५ मिमी एफ/१.८ प्रकारच्या बहुतेक लेन्स ८० सेमीच्या आत फोकस करत नाहीत आणि मॅग्निफिकेशन ०.१३च्या आसपास थांबतं. फुल फ्रेमवर अख्खी प्लेट येईल, त्याहून जवळचं काही नाही. व्यक्तिचित्रासाठी ही लेन्स उत्तम आहे. पदार्थांसाठी मी ती कुणाला सुचवणार नाही.

हातात आहे तीच लेन्स जवळ आणायची असेल तर दोन स्वस्त मार्ग आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. १२ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सला लावली की मॅग्निफिकेशन ०.२४ने वाढतं. ट्यूब घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर ऑटोफोकस जातो आणि अनेक लेन्सचं अ‍ॅपर्चरही बदलता येत नाही. मात्र ट्यूब लावल्यावर लांबचं फोकस होत नाही. ०.२४ म्हणजे फुल फ्रेमवर १५ सेमीचा भाग, त्याहून मोठं काही घ्यायचं तर ट्यूब काढावी लागते. दुसरा मार्ग क्लोजअप फिल्टरचा. +२ डायऑप्टरचं भिंग पुढे लावलं की अनंतावर ठेवलेली लेन्स अर्ध्या मीटरवर फोकस करते. एकाच काचेचे स्वस्त फिल्टर कडांना रंगीत रेघा आणतात, दोन भिंगं जोडून केलेला अ‍ॅक्रोमॅट घ्या.

मॅक्रो लेन्सचा फोकस सतत पुढेमागे धावत असेल तर तिच्यावरचा फोकस मर्यादेचा स्विच शोधा. त्याने शोधाची कक्षा कमी होते आणि अर्ध्या मीटरच्या पलीकडच्या प्लेटवर फोकस चटकन बसतो. आणि फोकस बिंदू नेहमी कडेवर किंवा पोतावर ठेवा. गुळगुळीत सूपच्या मधोमध कुठलीच लेन्स फोकस पकडणार नाही.

अर्धाच पदार्थ धारदार, बाकी धूसर

सर्वांत जास्त पैसे याच दोषापायी वाया जातात. ‘५० मिमीत डेप्थ (पुढेमागे धारदार येणारा भाग) कमी मिळते, ३५ घेऊन बघतो’ असा विचार होतो. पण जवळच्या फोटोत फ्रेममधला भाग तेवढाच ठेवलात तर डेप्थ ऑफ फील्ड फोकल लेंग्थवर जवळपास अवलंबून नसते. ती दोनच गोष्टींनी ठरते: मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर. ३५ने जवळून घ्या किंवा १००ने लांबून, प्लेट फ्रेमभर असेल तर डेप्थ सारखीच.

फुल फ्रेमवर ३६ सेमी रुंदीच्या फ्रेमसाठी डेप्थ एफ/१.८ला सुमारे १२ मिमी, एफ/२.८ला १८, एफ/४ला २६, एफ/५.६ला ३७ आणि एफ/८ला ५३ मिमी येते. क्रॉपवर तीच फ्रेम घेतली तर प्रत्येक आकडा साधारण दीडपट धरा: एफ/४ला ४० मिमी, एफ/५.६ला ५६. फ्रेम निम्मी करून १८ सेमीवर आलात तर फुल फ्रेमवर एफ/४ला फक्त ७ मिमी उरतात. म्हणून एफ/१.८ला काढलेल्या केकची पुढची कड धारदार आणि वरची चेरी धूसर येते. लेन्स तिचं काम बरोबर करत असते.

जवळच्या फोटोसाठी सुरुवात एफ/४ ते एफ/५.६पासून करा. दोन-तीन प्लेट एकामागे एक असतील तर एफ/८. एफ/११पर्यंत हरकत नाही, एफ/१६ला डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडू लागतो. आणि जितकं जवळ जाल तितकं ते लवकर जाणवतं.

अ‍ॅपर्चरला हात न लावताही पुष्कळ डेप्थ वाचवता येते, कोन बदलून. फोकसची पातळी सेन्सरला समांतर असते. सपाट पदार्थ ४५ अंशांतून घेतला की ती पातळी त्याला तिरकी कापते, आणि एफ/४ला २८ सेमीच्या प्लेटवर जेमतेम ३७ मिमीचा पट्टा धारदार मिळतो. तोच पदार्थ नेमका वरून घेतला तर अख्खी प्लेट एका पातळीत येते, डेप्थ फक्त उंचीसाठी लागते. उलट थरांचा केक किंवा बर्गर समोरून, टेबलाच्या पातळीजवळून घ्या. त्याचा दर्शनी भाग सेन्सरला समांतर येतो. ४५ अंश खोलगट वाडग्यांना चांगला आणि बाकी ठिकाणी सवयीने वापरला जातो.

मग पार्श्वभूमी धूसर कशी होणार? लांब फोकल लेंग्थने. प्लेट तेवढीच ठेवून ५० मिमी एफ/२ आणि १०० मिमी एफ/४ या दोन फोटोंची तुलना करा. लांबच्या पार्श्वभूमीचा धूसरपणा दोन्हींत जवळजवळ सारखा, पण एफ/४ला पदार्थावरची डेप्थ दुप्पट. शिवाय १०० मिमीचा दृश्यकोन अरुंद असल्यामुळे मागच्या टेबलांचा, माणसांचा, दिव्यांचा पसारा फ्रेममध्ये कमी येतो. पदार्थांचे व्यावसायिक फोटो काढणारे ९० ते १०५ मिमीच्या मॅक्रोकडे वळतात त्याचं हे मोठं कारण आहे. त्यांना एक-सव्वा मीटर मागे सरकायला जागा असते, एवढं मात्र विसरू नका.

फोकस कुठे ठेवायचा? प्लेटच्या काठावर नाही. मुख्य घटकाच्या तुमच्याकडच्या कडेवर. फोकस धरून मग कॅमेरा हलवून रचना बदलण्याची सवय एफ/२ला घातक ठरते, कारण त्या हालचालीतच १३ मिमीची डेप्थ ओलांडली जाते. रचना आधी करा, फोकस बिंदू मग तिथे न्या.

ट्रायपॉड असेल आणि पदार्थ स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा मागे सरकवत चार-पाच फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात. वाफ येत असेल तर हा मार्ग सोडा. फोकसची पातळीच वाकवणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सही आहेत, उदाहरणार्थ कॅननची टीएस-ई ५० मिमी एफ/२.८एल मॅक्रो. तिने ४५ अंशांतूनही पूर्ण प्लेट एफ/४ला धारदार आणता येते. पण तिच्यात ऑटोफोकस नाही आणि किंमत भारी आहे. रोज हेच काम करणाऱ्यासाठीच ती.

प्लेट लांबट दिसते, ग्लास बाहेर कलतात

हा वाइड लेन्सचा दोष समजला जातो, पण मूळ कारण जवळीक आहे. ४५ अंशांतून तीच ३६ सेमीची फ्रेम घेतली तर २४ मिमीने प्लेटची पुढची कड मागच्या कडेपेक्षा २.२ पट मोठी उमटते. ३५ मिमीने १.७ पट, ५० मिमीने १.४ पट, ८५ मिमीने साधारण सव्वापट आणि १०० मिमीने १.२ पट. (हे सगळे फुल फ्रेमचे आकडे, क्रॉपवर फोकल लेंग्थ दीडने भागून समजा.) ८५च्या पुढे फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आकार सुधारण्यासाठी १३५ किंवा २०० मिमी घेण्यात अर्थ नाही.

वाइडमध्ये फ्रेमच्या कोपऱ्यातल्या गोल वस्तू बाहेर ताणल्या जातात. हे कुठल्याही चांगल्या लेन्समध्ये होतं, लेन्स करेक्शन लावून जात नाही. ग्लास आणि बाटल्या मध्याकडे आणा, कोपऱ्यात फडका किंवा चमचा चालतो.

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४–२६ मिमीइतका वाइड असतो, म्हणून फोनमधल्या प्लेट हमखास फुगलेल्या दिसतात. २x निवडा आणि मागे सरका. इथे एक खाचखळगा आहे: वस्तू फार जवळ असेल किंवा प्रकाश कमी असेल तर अनेक फोन टेलिफोटो कॅमेरा बाजूला ठेवून मुख्य कॅमेऱ्याचाच मधला भाग कापून देतात, किंवा अगदी जवळ गेल्यावर न विचारता अल्ट्रावाइड मॅक्रोवर उडी मारतात. स्क्रीनवरचं चित्र अचानक किंचित सरकलं तर समजा की कॅमेरा बदलला. मॅक्रोचं स्वयंचलित बटण असेल तर बंद करा.

वरून घ्यायचं तर उंची पुरत नाही

पुन्हा तेच गणित. ९० सेमी रुंद मांडणी फुल फ्रेमवर २५ पट लहान करायची आहे. ५० मिमीला टेबलापासून १.३५ मीटर, आणि टेबल ७५ सेमी उंच, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून २.१ मीटरवर. हात वर करूनही स्थिर धरता येत नाही. ३५ मिमीला ९५ सेमी, म्हणजे जमिनीपासून १.७ मीटर, बाजूला उभं राहून, वळणाऱ्या स्क्रीनकडे बघत आरामात जमतं. क्रॉपवर त्यासाठी २४ मिमी. एकाच प्लेटसाठी मात्र ५० मिमीच बरी. खुर्चीवर चढू नका. भरल्या टेबलावर कॅमेरा निसटला तर नुकसान फक्त कॅमेऱ्याचं होत नाही.

वरून काढताना कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल सुरू ठेवा. दोन-तीन अंशांची तिरकाई टेबलाच्या कडांमध्ये लगेच दिसते. कोपरे मऊ येत असतील तर ती साध्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सची फोकस पातळी जवळच्या अंतरावर वक्र होत असल्याची खूण आहे. एफ/५.६ ते एफ/८ला बरीच झाकली जाते. मॅक्रो लेन्स सपाट पातळीसाठीच बांधलेल्या असतात, त्यांत हा त्रास जवळपास नसतो.

हललेले फोटो आणि आडवे पट्टे

संध्याकाळच्या रेस्टॉरंटमध्ये साधारण इतकाच प्रकाश असतो की आयएसओ ३२००, एफ/४ला १/६० सेकंद मिळतो. एफ/२ केलं तर १/२५०, पण डेप्थ १३ मिमी. म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरने प्रकाशाचा प्रश्न सोडवायला गेलात की वरचा दोष परत येतो. आयएसओ ६४००चा किंचित दाणेदार पण धारदार फोटो चालतो, सॉफ्टवेअर दाणे कमी करतं. चुकलेला फोकस नंतर कुणी दुरुस्त करू शकत नाही.

हातात धरून काढताना शटर १ भागिले फोकल लेंग्थपेक्षा वेगवान ठेवा, क्रॉपवर त्याच्याही दीडपट. जवळच्या फोटोत आणखी एक स्टॉप (दुप्पट वेग) सुरक्षित. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं. ओतला जाणारा सॉस किंवा वाढणारा हात त्याने थांबत नाही, त्यासाठी १/२५०च्या पुढे जावं लागतं.

फोटोवर काळे-पिवळे आडवे पट्टे दिसत असतील तर लेन्सला दोष देऊ नका. ५० हर्ट्झ वीजपुरवठ्यावर बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. शटर जितकं वेगवान तितके पट्टे ठळक, म्हणून एफ/१.४ लेन्स आणून शटर १/५०० केलेल्यांचे पट्टे वाढतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२५. कॅमेऱ्यात अँटीफ्लिकर असेल तर सुरू करा. डिमरवरचे दिवे कधीकधी कशालाच जुमानत नाहीत, तेव्हा टेबल बदला.

बाकीच्या किरकोळ तक्रारी

पिवळेपणा दिव्यांचा असतो. टेबलावरचा पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच प्लेटवर पडला तर व्हाइट बॅलन्स दोन्हींना एकदम न्याय देऊ शकत नाही. दिवा विझवायला सांगा किंवा खिडकीपासून लांब बसा, आणि रॉमध्ये (नंतर रंग बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

चमच्यांच्या, ग्लासांच्या कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येत असतील तर ते उघड्या अ‍ॅपर्चरच्या वेगवान लेन्सचं लक्षण. एफ/४ला बहुधा जातात.

खिडकी पदार्थाच्या मागे ठेवली की वाफ सुंदर दिसते, पण फोटोवर दुधी पडदाही येतो. हूड लावा, स्वस्त यूव्ही फिल्टर काढा, खिडकी फ्रेमच्या अगदी बाहेर ठेवा. वाफेच्या मागे काहीतरी गडद हवं, पांढऱ्या भिंतीवर ती दिसणार नाही.

वातानुकूलित खोलीतून गरम स्वयंपाकघरात गेल्यावर काच धुकटते. पुसू नका, लगेच परत येतं. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून अर्धा तास आधी तिथे नेऊन ठेवा.

मग कोणती घ्यावी?

क्रॉप सेन्सर आणि बहुतेक वेळा बसून फोटो: ३० ते ३५ मिमी, आणि शक्य असेल तर मॅक्रो. कॅननच्या ईएफ-एस ३५ मिमी एफ/२.८ मॅक्रोचं किमान अंतर १३ सेमी आहे आणि ती १:१पर्यंत, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकारापर्यंत जाते. फुल फ्रेमवर ५० ते ६० मिमीची मॅक्रो, उदाहरणार्थ निकॉन झेड एमसी ५० मिमी एफ/२.८, जी १६ सेमीपर्यंत येते. एफ/२.८ला लोक नाक मुरडतात, पण वरचे आकडे पाहिलेत तर कळेल की पदार्थासाठी एफ/२.८च्या खाली जायची वेळ क्वचितच येते. टेबलावर बसून, वरून आणि आतलं वातावरण असं सगळं एकाच लेन्सने करायचं असेल तर फुल फ्रेमवर कॅननची आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो फार सोयीची आहे: १७ सेमी, अर्धं मॅग्निफिकेशन आणि आत स्टॅबिलायझेशन.

९० ते १०५ मिमी मॅक्रो दुसरी लेन्स म्हणून घ्या, तीही रिकाम्या वेळेत रेस्टॉरंटशी ठरवून, जागा मागून फोटो काढणार असाल तर. गजबजलेल्या वेळी ती बॅगेतच राहते.

पैसे कमी असतील तर किट झूम विकू नका. कॅननची ईएफ-एस १८–५५ एफ/३.५–५.६ आयएस एसटीएम २५ सेमीवर फोकस करते आणि ०.३६ पट मॅग्निफिकेशन देते, जे वरच्या चारही पन्नासांपेक्षा जास्त आहे. ती ३५ ते ५५च्या दरम्यान, एफ/५.६ला, खिडकीजवळ वापरा. उरलेल्या पैशांत छोटा ट्रायपॉड आणि पांढऱ्या फोमबोर्डचा एक तुकडा घेतलात तर कुठल्याही एफ/१.८पेक्षा फोटोत जास्त फरक पडेल.

दुकानात किंवा जुनी लेन्स घेताना

मोजपट्टी घेऊन जा. स्वतःचाच कॅमेरा लावा. सेन्सरच्या खुणेपासून ६० सेमीवर प्लेटएवढी वस्तू ठेवून ती फ्रेममध्ये बसते का पाहा, मग फोकस सुटेपर्यंत जवळ जा आणि ते अंतर लिहून घ्या. सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला चमकता चमचा काढा, रंगीत रेघा दिसतील तेवढ्या. एफ/५.६ला सपाट छापील पान समोरून काढून चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर आतलं भिंग तिरकं बसलेलं आहे, ती लेन्स घेऊ नका. जुन्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी शोधा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर पाती अडकतात आणि एफ/५.६ सांगूनही फोटो उजळ येतो. एफ/२.८, ४, ५.६, ८ असे चार फोटो कॅमेरा ए मोडवर (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवून एकाच भिंतीचे काढा. चारही सारखेच उजळ यायला हवेत.